पेंढा म्हणजे जमीन नव्हे

हन्नाबाई गावितांच्या घरी गेल्या वर्षी भात चांगला झाला आणि महिनाभर कुणी तो खाल्ला नाही. कोठी गळ्यापर्यंत भरलेली. चुलीवर मात्र रेशनचा तांदूळ, त्याला पोत्याचा वास. सून सुषमा ताट वाढताना एकदा कोठीकडे बघायची, एकदा सासूकडे बघायची आणि विचारायची, "हेच वाढू?" हन्नाबाई म्हणायच्या, "हेच." बोलणं एवढंच. पण ते रोज दोनदा व्हायचं.

उंबरझर हा नवापूर तालुक्यातला डोंगरातला पाडा. शेताचा शेवटचा बांध ओलांडला की गुजरात. साठेक घरं, सगळी मावची आदिवासींची, त्यांतली अकरा कॅथलिक. बाकीच्यांची याहामोगी माता देवमोगऱ्याला असते. या अकरा घरांची मारिया सोळा किलोमीटरवर टेंभ्या डोंगरावर असते. तिला माउली म्हणतात. आठ डिसेंबरला तिचा सण. त्या दिवशी पाड्यातून पायी यात्रा निघते आणि यात्रेच्या पुढे, कुणाच्या तरी डोक्यावर, बांबूची नवी टोपली असते. टोपलीत अकरा घरांचं नवं धान्य, प्रत्येकी एक ओंजळ, वर पांढरं फडकं. ती माउलीच्या पायाशी उतरली की त्या वर्षीचा भात घरात शिजतो. त्याआधी नाही.

हा नियम बायबलात नाही. तो हन्नाबाईंच्या आईचा आहे, आणि ती ख्रिस्ती नव्हती. एकोणिसाव्या वर्षी हन्नाबाई दानियल गावितांच्या घरात आल्या, बाप्तिस्मा झाला, आणि पहिला भात खळ्यावर आला तेव्हा माहेरी विचारायला गेल्या की आता टोपली न्यायची की नाही. आई दर साल देवमोगऱ्याला टोपली नेणारी. तिनं फार विचार केला नाही. म्हणाली, "नवं धान्य आधी आईला दाखवायचं. तुझी आई आता त्या डोंगरावर आहे म्हणतात, तर तिकडे ने. रिकामी जाऊ नको, आपली लाज जाईल." ज्या प्रश्नावर विद्वानांच्या परिषदा भरतात आणि जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा भरतात, तो असा भाकरी थापता थापता सुटला.

आईनं सोबत माहेरची रीतही दिली. टोपली भावानं विणायची. भावानंच आपल्या अंगणात ती उचलून बहिणीच्या डोक्यावर द्यायची. तिथून पुढे माउलीच्या पायापर्यंत ती कुठे टेकवायची नाही. मान दुखली तर दुसरीच्या डोक्यावर द्यायची. टेकली, तर माघारी यायचं आणि नव्या टोपलीनं पहिल्यापासून सुरुवात करायची. सदतीस वर्षांत ती टेकली नव्हती. दानियल वारले त्या वर्षीही नाही.

भाऊ म्हणजे नारसिंग वळवी. पाड्यातच, हन्नाबाईंच्या घरापासून चाळीस पावलं वर. जुन्या देवांचा माणूस. वाघदेवाच्या पूजेचा पहिला नारळ वीस वर्षं त्याच्याच हातचा. तो दर वर्षी दोन टोपल्या विणतो, डिसेंबरात बहिणीची आणि नंतर देवमोगऱ्याच्या जत्रेला स्वतःची. दोन्हींची वीण एकच. त्यांतली आदिवासी कोणती आणि ख्रिस्ती कोणती, हे कसं ओळखायचं असं त्याला कुणी विचारलं नव्हतं. गेल्या वर्षी विचारलं, आणि विचारणारा त्याचाच मुलगा निघाला.

भाग्येश शहाद्याला कॉलेजात शिकला आणि परत आल्यावर त्यानं अस्मिता मंच काढला. अस्मिता हा शब्द उंबरझरमध्ये त्यानंच आणला. तोवर तिच्यावाचून चाललं होतं. मंचाला अध्यक्ष आहे, शिक्का आहे, आणि धनुष्यबाण छापलेले टी-शर्ट आहेत. ते नवापुरात हस्तीमलशेठच्या दुकानात मिळतात. माउलीच्या सणाचे निळे पट्टेही तिथेच मिळतात आणि भगवे झेंडेही. माल सुरतेहून एकाच गठ्ठ्यात येतो. हन्नाबाई नोव्हेंबरात फडकं घ्यायला गेल्या तेव्हा शेठ खूश होते.

"काय बाई, पट्टा नही लेवाव? तुन्हा फादरनी शंभर सांगेल शेतस. आनि तुन्हा भाचा पन्नास टी-शर्ट लई गया."

"मला फडकं द्या. पांढरं."

"बस, फडकंच? छापेल काहीच नही?"

शेठ टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच वाईट वाटलं.

त्याच महिन्यात मंचानं सभा घेऊन ठराव केला. टोपली आणि ढोल ही आदिवासींची ओळख असून देव बदललेल्यांना त्यांचा वापर करता येणार नाही. आणि जो कोणी त्यांना टोपली विणून देईल त्याला वाघदेवाच्या पूजेत उभं राहता येणार नाही. ठराव शुद्ध मराठीत होता. अर्ध्या लोकांना तो नीट कळला नाही आणि एकमतानं मंजूर झाला. हन्नाबाई मागे बसल्या होत्या. त्यांनी बसल्या जागेवरून विचारलं (सगळं बोलणं मावचीत, इथे मराठीत देताना त्याचा थोडा दात गेला आहे; फुई म्हणजे आत्या, फुवा म्हणजे तिचा नवरा):

"भाग्या, तुझ्या लग्नात ढोल कोण वाजवत होतं?"

"फुई, व्यक्तिगत बोलू नकोस."

"तुझा फुवा वाजवत होता. रात्रभर. तेव्हा तो ख्रिस्ती नव्हता का?"

"तेव्हा जागृती नव्हती."

"नव्हती, म्हणून तर ढोल वाजला."

लोक हसले. भाग्येशनं वहीत काहीतरी लिहिलं. हसणं इतिवृत्तात आलं नाही.

आता दुसरी बाजू. टेंभ्या डोंगरावरचे फादर जोसेफ दक्षिणेकडचे, दोन वर्षांपूर्वी आलेले. मराठी पुस्तकातून शिकले, त्यामुळे ती तालुक्यात सर्वांत शुद्ध आहे. आदिवासी संस्कृतीवर त्यांचं मनापासून प्रेम आहे. फक्त ती ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या जागी असावी असं त्यांना वाटतं. गेल्या वर्षी सणाला बिशपसाहेब यायचे होते, म्हणून कार्यक्रमपत्रिका छापली. चार नंबरला 'पारंपरिक वेशातील आदिवासी भाविकांची मिरवणूक', नऊ नंबरला 'आदिवासी संस्कृती दालनास भेट'. टोपली नऊ नंबरात होती. वेदीपाशी फक्त फुलं आणि मेणबत्त्या.

"हन्नाबाई, आपली टोपली आपण दालनात मांडू," फादर आठवडाभर आधी म्हणाले. "लोकांना आपल्या परंपरेची माहिती होईल."

"ती माहितीसाठी नाही, फादर."

"मग कशासाठी?"

"भातासाठी. तिच्यावाचून आम्ही जेवत नाही."

फादरांना हे वाक्य फार आवडलं. त्यांनी ते डायरीत उतरवून घेतलं. पत्रिका मात्र छापून झाली होती.

म्हणजे एकीकडे टोपली आदिवासींची म्हणून हन्नाबाईंना बंद, आणि दुसरीकडे टोपली आदिवासींची म्हणून वेदीला बंद. दोन्हीकडे तिचा मान मोठा होता. अकरा घरांत पोत्याचा वास येणारा तांदूळ शिजत होता, ही गोष्ट कुणाच्याच पत्रिकेत नव्हती.

सणाच्या दोन दिवस आधी नारसिंग बहिणीकडे आला. दारातच उभा राहिला.

"विणली आहे," तो म्हणाला. "पण अंगणात नको. पोरगा घरात असतो. खळ्यावर ठेवतो, पहाटे घेऊन जा."

"डोक्यावर कोण देणार?"

"तूच उचल. खाली नाही ठेवत, पेंढ्यावर ठेवतो. पेंढा म्हणजे जमीन नव्हे."

हन्नाबाईंनी भावाकडे बघितलं. ज्या माणसानं सदतीस वर्षं बहिणीच्या डोक्यावर टोपली देताना एकदाही इकडेतिकडे पाहिलं नव्हतं, तो आता स्वतःच्या घराकडे मान वळवून बोलत होता. त्यांना राग आला. पण कोठी भरलेली होती आणि दिवस दोनच राहिले होते. त्या म्हणाल्या, "बरं." नंतर वर्षभर त्यांना या एका शब्दाचा जितका राग आला तितका ठरावाचाही आला नाही.

आठ तारखेला उजाडायच्या आत त्या खळ्यावर गेल्या. पेंढ्याच्या गंजीवर टोपली होती, नेहमीसारखी, एकही कामटी वाकडी नाही. त्यांनी अकरा घरांतून आणलेल्या ओंजळी तिच्यात भरल्या, फडकं बांधलं आणि ती स्वतःच उचलून डोक्यावर घेतली. हे चुकतंय हे त्यांना कळत होतं. पेंढा म्हणजे जमीन नव्हे, असं त्या वाटेनं दोन-तीनदा मनात म्हणाल्या.

त्रेचाळीस माणसं निघाली. गाणी झाली, मंत्रमाळ म्हणजे रोझरीचा जप झाला. मंत्रमाळेच्या दोन फेऱ्यांमध्ये रूपलीबाईंनी कुणाची म्हैस आटली ते सांगितलं. रूपलीबाई पासष्टीच्या, गाण्यात पुढे आणि चालण्यात मागे. टोपली आठ डोकी फिरली आणि दहाच्या सुमाराला पुन्हा हन्नाबाईंच्या डोक्यावर, टेंभ्याच्या फाटकाशी पोचली.

फाटकात निळा पट्टा घातलेली एक स्वयंसेविका होती, शहराकडची, चांगल्या स्वभावाची. "मावशी, दमलात ना," असं म्हणून तिनं दोन्ही हातांनी टोपली उचलली आणि शेजारच्या दालनात, मुसळ आणि धनुष्य यांच्या मध्ये, टेबलावर ठेवली. पुढे चिठ्ठीही आधीच चिकटवलेली होती. सगळं इतकं प्रेमानं झालं की हन्नाबाईंचे हात अजून वरच होते.

फादर जोसेफ धावत आले. काय झालं ते त्यांना रूपलीबाईंनी सांगितलं: टोपली टेकली. आता माघारी जावं लागणार.

"पण ती खाली ठेवलेलीच नाही," फादर म्हणाले. "हन्नाबाई, टेबल म्हणजे जमीन नव्हे."

एरवी हन्नाबाई वाद घालत्या. पण हेच वाक्य त्या पहाटेपासून स्वतःला सांगत आल्या होत्या, फक्त त्यात पेंढा होता. दुसऱ्याच्या तोंडून, शुद्ध मराठीत ऐकल्यावर ते किती भिकार आहे ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी फडकं सोडून टेबलावर पसरलं, टोपली त्यावर उपडी केली, धान्याची गाठ बांधली आणि काखेत मारली.

"टोपली राहू द्या, फादर. तुमच्या नऊ नंबरची आहे. भात आमचा आहे, तो नेते."

"आणि मिस्साची प्रार्थना? बिशपसाहेब येताहेत. पहिली रांग तुमची आहे."

"पहिली रांग तुमची. आम्ही यात्रेला आलो होतो."

"हन्नाबाई, देव टोपली बघत नाही, मन बघतो."

"मग टोपलीला एवढं टेबल कशाला मांडलंत?" हन्नाबाई म्हणाल्या आणि वळल्या.

त्रेचाळीस माणसं वळली. कुणी विचारलं नाही, कारण भात सगळ्यांच्याच कोठीत अडकला होता. फक्त रूपलीबाई म्हणाल्या, "माझे गुडघे ख्रिस्ती आहेत का आदिवासी, हे एकदा ठरवा. दोन्हीकडून दुखायला लागलेत." पहिली रांग रिकामी राहिली नाही. जवळच्या गावातल्या वसतिगृहाच्या मुलींना भाड्यानं आणलेले पारंपरिक पोशाख नेसवून उभं केलं. फोटो उत्तम आले म्हणतात.

परतीच्या वाटेवर, नाल्याच्या उतारात, हन्नाबाईंनी रूपलीबाईंना सांगून टाकलं. "ती टेबलावर टेकली नाही. ती खळ्यावरच टेकली होती. दादानं भीतीनं ठेवली आणि मी भीतीनं उचलली."

रूपलीबाई थांबल्या. गुडघा चोळला. मग म्हणाल्या, "हे मला सोळा किलोमीटर आधी सांगायचं होतंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी हन्नाबाई धान्याची गाठ घेऊन नारसिंगच्या अंगणात जाऊन बसल्या. अगदी मधोमध, येणाऱ्याजाणाऱ्याला वळसा घालावा लागेल अशा.

"दादा, विण."

"इथे?"

"इथे. मग इथेच उचलून दे. नाहीतर सांग की देत नाही, म्हणजे मी भात कोंबड्यांना घालते. त्यांना ठराव लागू नाही."

"घरात चल, बोलू."

"घरात नाही बोलायचं. तुला भीती कुणाची आहे? ज्याचं हगलेलं मी धुतलं त्याची? आईच्या मागं तू एकदा तरी विचारलंस का, टोपली कोणत्या देवाची? आणि आता त्या पोराच्या शिक्क्याला भिऊन माझी टोपली चोरासारखी खळ्यावर ठेवतोस?"

हे बोलणं मोठ्यानं नव्हतं, पण पाडा लहान आहे. शेजारच्या दोन बायका धान्य पाखडायला बाहेर आल्या. पाखडण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं. नारसिंग घरात गेला. हन्नाबाईंना वाटलं, संपलं. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या एका हातात कोयता होता आणि खांद्यावर ओला बांबू.

दिवसभर तो कामट्या काढत राहिला. दुपारी भावजयीनं दोघांना भाकरी दिली. चारच्या सुमाराला भाग्येशची मोटारसायकल अंगणात आली आणि हन्नाबाईंना वळसा घालून थांबली.

"बाबा, हे काय?"

"टोपली."

"ठराव झालाय. मी स्वतः मांडलाय. लोक मला काय म्हणतील?"

नारसिंगनं मान वर केली नाही. "लोकांचं लोक बघतील."

"तुला वाघदेवाच्या पूजेत उभं राहता येणार नाही. मी काही करू शकणार नाही."

"वाघाला कळवलंस का? त्यानं येऊन सांगितलं तर ऐकेन."

"फुई, तू तरी समजून घे," भाग्येश हन्नाबाईंकडे वळला. "आमचं तुझ्याशी वैर नाही. पण उद्या कुणीही उठेल आणि आपली टोपली घेऊन कुठंही जाईल. ही आपल्या समाजाची आहे, ती जपायला नको?"

यावर हन्नाबाई काही बोलायच्या आत नारसिंगनं कोयता आणि चार कामट्या मुलापुढे धरल्या.

"घे. आपली आहे ना? बूड तेवढं बांध. पुढचं मी करतो."

भाग्येशनं कामट्या हातात घेतल्या. एकावर एक आडव्या धरल्या, मग उभ्या. बांबू ओला होता, सुटून दोनदा खाली पडला. पाखडणाऱ्या बायका थांबून बघत होत्या. शेवटी त्यानं कामट्या बापाच्या शेजारी ठेवल्या, नीट, एकावर एक.

"मंचाचं काम वेगळं असतं, बाबा."

"असेल. हे टोपलीचं आहे. बाजूला सर, उजेड अडतोय."

टोपली दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पुरी झाली. तोवर अंगणात अकरा घरांतली माणसं जमली होती, आणि ठरावाला हात वर करणारेही बरेच होते. ते कुंपणापलीकडे उभे होते, कारण कुंपणापलीकडे उभं राहणं म्हणजे हजर असणं नव्हे. नारसिंगनं धान्य भरलेली टोपली उचलली, बहिणीच्या डोक्यावर दिली आणि आई म्हणायची तेच म्हणाला, "जा, पोचव." भाग्येशनं मोबाइलवर सगळं चित्रण केलं. पुरावा म्हणून.

टेंभ्यावर त्या दिवशी कुणी नव्हतं. मांडववाले बांबू सोडत होते, ध्वनिक्षेपक पोत्यात गेला होता. फादर जोसेफ बाहेर आले, त्यांनी टोपली पाहिली, आणि या खेपेला बाजूला सरले. तिथून माउलीच्या पायापर्यंत टोपलीला दुसऱ्या कुणी हात लावला नाही. हन्नाबाईंनी टोपली उतरवली, कपाळ टेकलं, एक ओंजळ तिथे ठेवली आणि बाकीचं धान्य घरोघर वाटायला फडक्यात घेतलं. फादर काहीतरी बोलणार होते. त्यांनी ते डायरीतही लिहिलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

जाताना दालन उघडंच होतं. पहिली टोपली टेबलावर होती, चिठ्ठी आता टोपलीलाच चिकटवलेली. हन्नाबाईंना वाचायला वेळ लागतो, म्हणून त्यांनी फादरांनाच विचारलं, "काय लिहिलंय?"

फादरांनी वाचलं. "'टोपली. आदिवासी समाजात पूर्वी नवे धान्य देवाला अर्पण करण्यासाठी वापरली जात असे.'"

नवी टोपली अजून वेदीपाशी होती, सोळा किलोमीटर चालून आलेली, बूड ओलंच. हन्नाबाईंनी दालनात जाऊन जुनी टोपली उचलली आणि घरी आणली.

त्या संध्याकाळी अकरा घरांत नवा भात शिजला. हन्नाबाईंनी नारसिंगकडे भरून पातेलं पाठवलं. भाग्येश जेवला नाही, पातेलं मात्र रिकामं परत आलं. कोण जेवलं ते भावजय सांगत नाही.

यंदा वाघबारशीला, वाघदेवाच्या पूजेत, पहिला नारळ दुसऱ्याच्या हातात दिला. ठराव पाळला गेला. नारसिंग पूजेत उभा राहिला नाही. कडेला, दगडावर, बसून होता, आणि हन्नाबाई त्याच्या शेजारी जाऊन बसल्या. दोघांकडे कुणी बघत नव्हतं, फार प्रयत्नपूर्वक. नारळ फुटायला तीन वेळा आपटावा लागला. हन्नाबाई म्हणाल्या, "वीस वर्षं तुझा पहिल्याच फटक्यात फुटत होता." नारसिंग म्हणाला, "गप बस."

जुन्या टोपलीखाली सुषमा आता कोंबड्या झाकते. चिठ्ठी तिनं काढलेली नाही.